ऑफिस बिल्डिंगला सगळं मटेरियल भारतातच बनलेलं वापरायचं म्हटलं तर जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा: तळमजला अधिक सात मजल्यांची ऑफिस बिल्डिंग आहे, मालकाने ठरवलंय की मटेरियल सगळं भारतात बनलेलंच पाहिजे, आर्किटेक्ट म्हणतो फसाड (बिल्डिंगचा बाहेरचा काचेचा दर्शनी भाग) आणि लॉबीत ते शक्य नाही, आणि साईट सांभाळणारा इंजिनियर दोघांच्या मधे. जमेल का, क्वालिटीत मार बसेल का, आणि फसायला नेमकं कुठे होतं.

जमतं. बऱ्यापैकी सगळं जमतं. पण हा निर्णय ज्या टेबलावर व्हायला पाहिजे तिथे तो होत नाही, ही खरी अडचण आहे. लोक काय करतात, ड्रॉइंग होतं, स्पेसिफिकेशन होतं, बीओक्यू (कुठलं काम, किती माल याची यादी) निघतो, टेंडर जातं, आणि मग परचेसवाल्याला सांगतात की आता देशी बघ. तोपर्यंत सगळं स्पेसिफिकेशन बाहेरच्या कॅटलॉगमधून उचललेलं असतं, साईज बाहेरच्या, कोड बाहेरचे, कोटिंग बाहेरचं, आणि मग देशी माल आणला की तो "सबस्टिट्यूट" ठरतो, म्हणजे आपल्याच देशात पाहुणा. प्रत्येक आयटमला कन्सल्टंटची मंजुरी, प्रत्येक मंजुरीला दोन आठवडे. म्हणून पहिलं काम हे की देशी वापरायचंय हे स्कीम ड्रॉइंगच्या वेळीच आर्किटेक्ट, आरसीसीवाला, एमईपीवाला (एसी, वीज, प्लंबिंगचा), फसाडवाला सगळ्यांना एकत्र बसवून सांगा, आणि स्पेसिफिकेशन आयएस कोडवर, म्हणजे भारतीय मानकांवर, लिहून घ्या.

आता हे पण लक्षात घ्या की बिल्डिंगचा सगळ्यात जड भाग आधीच देशी आहे, कोणी ठरवलं नसलं तरी. सिमेंट, खडी, वाळू, ब्लॉक हे वजनदार आणि किलोमागे स्वस्त, ते लांबून आणणं परवडतच नाही. सिमेंट आणि स्टील दोन्हींत भारत जगात दुसऱ्या नंबरचा उत्पादक आहे. म्हणजे वाद उरतो तो फसाड, फिनिशिंग आणि सर्व्हिसेसचा. आणि मालक जर "शंभर टक्के" म्हणत असेल तर त्याला प्रेमाने सांगा की शंभर टक्के ही गोष्ट अस्तित्वात नाही. आपलं स्टील आपल्या भट्टीत बनतं पण त्यातला बराचसा कोकिंग कोल ऑस्ट्रेलियाहून येतो. सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक) पाइप इथे एक्सट्रूड होतो पण रेझिन कित्येक वर्षं बाहेरूनच यायचं, आता कुठे गुजरात-तामिळनाडूत बनायला लागलंय. तेव्हा आधी व्याख्या ठरवा, देशी म्हणजे काय, इथे बनलेलं, की इथे जोडलेलं, की निम्म्याहून जास्त किंमत इथली.

सळईपासून सुरू करतो कारण पैसा तिथे आहे. टीएमटी (काँक्रीटमध्ये घालायची सळई) सगळी देशीच मिळते, प्रश्न देशी-विदेशीचा नाही, प्रायमरी की सेकंडरी याचा आहे. मोठे इंटिग्रेटेड प्लांट लोहखनिजापासून स्टील बनवतात, आणि जालन्यासारख्या ठिकाणी इंडक्शन फर्नेसवर, स्क्रॅप आणि स्पाँज आयर्न वितळवून बनतं. दुसरं वाईटच असतं असं अजिबात नाही, तिथे चांगल्या मिल आहेत, पण इंडक्शन फर्नेसमध्ये फॉस्फरस आणि सल्फर काढायची सोय मर्यादित असते, त्यामुळे कच्चा माल जसा तसं स्टील. म्हणून ग्रेड नुसता एफई ५०० लिहू नका, ५००डी लिहा. आयएस १७८६ मध्ये ५००डी ला सल्फर आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्याच्या आत आणि इलाँगेशन (तुटायच्या आधी किती ताणली जाते) किमान १६ टक्के लागतं, साध्या ५०० ला १२ चालतं. भूकंपात सळई तुटायच्या आधी ताणली गेली पाहिजे, हा फरक त्याच्यासाठी आहे. आणि साईटवर काय करायचं, तर गाडी आली की हीट नंबर (भट्टीच्या बॅचचा नंबर) सळईच्या टॅगवर आणि मिल टेस्ट सर्टिफिकेटवर एकच आहे का बघायचं, आणि एक मीटर तुकडा कापून वजन करायचं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ एमएम ला मीटरला ०.८८८ किलो, १६ ला १.५८. कोडमध्ये टॉलरन्स आहे, पण काही मिल कायम त्या टॉलरन्सच्या खालच्या टोकालाच रोल करतात, तुम्ही वजनावर पैसे देत असाल तर तुमचं नुकसान नाही असं वाटेल पण बीममध्ये जाणारं स्टील डिझाइनपेक्षा कमी जातं ना. डिझायनरने १२ चं क्षेत्रफळ धरलंय, त्याला तुमच्या वजनकाट्याशी देणंघेणं नाही.

स्ट्रक्चरल स्टील असेल, निदान लॉबीचा कॅनोपी, टेरेसवरची फ्रेम किंवा अख्खी बिल्डिंगच कंपोझिट, तर इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाहेरचा कन्सल्टंट किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर वापरणारा आपलाच माणूस मॉडेलमध्ये अमेरिकन किंवा ब्रिटिश सेक्शन (ठराविक मापाचे तयार बीम-कॉलम) टाकतो. ते इथे रोल होत नाहीत. मग फॅब्रिकेटर जवळचा सेक्शन सुचवतो, तो थोडा जड किंवा फ्लँज (बीमची वरची-खालची आडवी पट्टी) थोडी रुंद, आणि एका सेक्शनच्या बदलाने सगळे कनेक्शन, बोल्टचं अंतर, बेस प्लेट, फॉल्स सीलिंगची उंची सगळं हलतं. पूर्वी खरंच अडचण होती, आपल्याकडे आयएसएमबी बीम ६०० एमएम उंचीपर्यंतच मिळायचे आणि त्यांची फ्लँज आतून उतरती, त्यामुळे बोल्टला टेपर वॉशर. आता पॅरलल फ्लँज बीम, म्हणजे एनपीबी आणि डब्ल्यूपीबी, इथेच रोल होतात, छत्तीसगडच्या रायगढला (आपलं रायगड नव्हे, या नावामुळे चलनावर गंमती होतात) आणि इतरही काही प्लांटमध्ये. तर डिझायनरला पहिल्याच दिवशी आयएस ८०८ च्या टेबलमधूनच सेक्शन निवडायला सांगा, आणि त्याहून पुढे जाऊन मिलचं रोलिंग शेड्यूल मागवा, कारण टेबलमध्ये असलेला प्रत्येक सेक्शन दर महिन्याला रोल होत नाही. प्लेट आणि होलो सेक्शनला हा त्रास कमी, आयएस २०६२ ची ई३५० प्लेट आणि आयएस ४९२३ चे चौकोनी पाइप व्यवस्थित मिळतात.

काँक्रीटबद्दल क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर, जरा बोलायला पाहिजे. नदीची वाळू आता बहुतेक ठिकाणी विषयच संपलाय, आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मॅन्युफॅक्चर्ड सँडला रीतसर जागा आहे. आपल्याकडचा काळा दगड, बेसॉल्ट, मजबूत आहे, पण जॉ आणि कोन क्रशरवर नुसता फोडला तर कण चपटे आणि टोकदार येतात. असली वाळू पाणी पिते, मग आरएमसीवाला (तयार काँक्रीट पुरवणारा) अ‍ॅडमिक्श्चर वाढवतो किंवा साईटवर कोणीतरी गुपचूप ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाणी मारतो. व्हीएसआय क्रशरवरची (दगड आपटून फोडणाऱ्या यंत्रावरची) वाळू मागा, कण गोलसर होतात. आणि ७५ मायक्रॉनखालची पूड बघा, नैसर्गिक वाळूला मर्यादा ३ टक्के आहे आणि क्रश सँडला १५, याचं कारण ती पूड दगडाची असते, मातीची नसते. पण खाणीच्या वरच्या थरातली माती मिसळलेली असेल तर तीच १५ टक्के तुमचा घात करते. प्लँटवर जाऊन बघा, वॉश करतात का. हे काम लॅब रिपोर्टवर सोडू नका, रिपोर्टसाठी नमुना नेहमी चांगल्या ढिगातला जातो.

सिमेंटमध्ये पीपीसी (फ्लाय अ‍ॅश घातलेलं), स्लॅग, सगळं देशी आणि चांगलं, फ्लाय अ‍ॅशही इथलीच. २०२३ ला एलसी३ (भाजलेली माती आणि चुनखडी घातलेलं सिमेंट) चा आयएस १८१८९ पण आलाय, मिळालं तर कन्सल्टंटशी बोला. एएसी ब्लॉकला (भिंतीच्या हलक्या ब्लॉकला) फार लिहित नाही, आयएस २१८५ भाग ३, घनता आणि स्ट्रेंथ दोन्ही तपासा, आणि ब्लॉक कारखान्यातून ताजा गरम आला की लगेच बांधू नका, नंतर गिलाव्याला भेगा पडतात आणि सगळे गवंड्याला शिव्या देतात.

आता एक गैरसमज. आयएसआय मार्क असला म्हणजे माल भारतीय, असं खूप जण धरून चालतात, मालक पण. आयएसआय मार्क क्वालिटीच्या मानकाचा आहे, देशाचा नाही. मार्क देणारी सरकारी संस्था बीआयएस परदेशी कारखान्यांनाही लायसन्स देते, त्यासाठी वेगळी स्कीमच आहे. उलटही खरं, देशी असूनही मार्क बनावट असू शकतो. दोन्हीसाठी मार्कखाली छापलेला सीएम/एल (लायसन्स) नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, कोणत्या कंपनीचं, कुठल्या कारखान्याचं, लायसन्स चालू आहे की संपलंय, सगळं येतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि स्टोअरकीपरला शिकवता येतं. पॅकबंद वस्तूवर कंट्री ऑफ ओरिजिन छापलेलं असतं ते वाचा, "मार्केटेड बाय" च्या पुढे भारतीय पत्ता असला म्हणून वस्तू इथली होत नाही. नळ, बिजागऱ्या, डोअर क्लोजर, लाइट फिटिंग यात हे फार चालतं.

फसाडवर येऊ, कारण तुमच्या आर्किटेक्टचा जीव तिथे अडकलाय. काच इथे बनते. चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला, आपल्या तळोज्याला, रुरकीला फ्लोट लाइन (मूळ सपाट काच बनवायचे कारखाने) आहेत, आणि सोलर कंट्रोल कोटिंगही इथे होतं. ऊर्जा बचतीच्या ईसीबीसी २०१७ कोडमध्ये, थंड भाग सोडला तर, उत्तर सोडून बाकी बाजूंच्या काचेला एसएचजीसी (आत येणाऱ्या उन्हाच्या उष्णतेचं प्रमाण) जास्तीत जास्त ०.२७ आणि यू-व्हॅल्यू (काचेतून उष्णता जाण्याचा दर) ३.० मागितलीय, देशी कोटेड डीजीयूमध्ये (दुहेरी काचेच्या पॅनेलमध्ये) हे आरामात बसतं. आर्किटेक्टला आवडलेली निळसर-करडी छटा तंतोतंत तीच मिळेल असं नाही, पण आकडे मिळतात. काचेत खरा फरक फ्लोटचा नसतो, प्रोसेसरचा असतो, म्हणजे जो टफन करतो, लॅमिनेट करतो, डीजीयू बांधतो तो. टफन काचेत रोलर वेव्ह आली की समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब सर्कशीच्या आरशासारखं हलतं, आणि निकेल सल्फाइडमुळे काच अचानक आपोआप फुटायचा धोका असतो तो कमी करायला हीट सोक टेस्ट (काच भट्टीत तापवून ठेवायची चाचणी) लागते. ही भट्टी त्या प्रोसेसरकडे आहे का, प्रत्येक बॅचचा तापमानाचा ग्राफ देतो का, हे विचारा. एका साईटवर मी बघितलंय, काच उत्तम कंपनीची पण प्रोसेसिंग स्वस्तात केलेलं, डीजीयूच्या आत पहिल्या पावसाळ्यातच वाफ धरली आणि मालक "देशी काच" म्हणून बोंबलत बसला. दोष कडेच्या सीलचा होता.

अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन ६०६३ या मिश्रधातूत इथे डायवर (साच्यावर) हवे तसे निघतात, हा देशीचा मोठा फायदा आहे, तुमच्या प्रोफाइलसाठी नवीन डाय बनवून घेता येते, बाहेरच्या सिस्टिममध्ये ती लवचिकता नसते. स्ट्रक्चरल सिलिकॉन (काच फ्रेमला चिकटवणारं), काही हार्डवेअर, फ्रिक्शन स्टे (उघडणाऱ्या खिडकीची बिजागरी), हे मात्र अजून बरंचसं बाहेरचं आहे. इथे हट्ट करू नका. काच आठ मजल्यांवर ज्याने धरून ठेवलीय ते सिलिकॉन टेस्ट झालेलं, त्या काचेशी आणि त्या कोटिंगशी कम्पॅटिबिलिटी रिपोर्ट असलेलं पाहिजे, देश कुठलाही असो.

लॉबीचा दगड. आर्किटेक्टला इटालियन पाहिजे असणार, नेहमीच असतं. नवीन संसद भवनाचं उदाहरण द्या, सरमथुराचा लाल दगड, राजस्थानातल्या लाखाचा ग्रॅनाइट, अंबाजीचा पांढरा संगमरवर, उदयपूरचा हिरवा केशरिया, आणि सागवान आपल्या नागपूरचं. तेवढ्या मोठ्या बिल्डिंगला पुरलं तर आपल्या लॉबीला पुरेल. पण दगडात देशी घेताना पद्धत वेगळी लागते. एक सहा इंचाचा नमुना मंजूर करायचा आणि मग ट्रकमधून वेगळाच रंग आला म्हणून भांडायचं, असं करू नका. नैसर्गिक दगड आहे, शेड बदलणारच. तीन-चार नमुने मंजूर करा, सगळ्यात फिकट ते सगळ्यात गडद, आणि त्याच्यामधलं सगळं चालेल असं लिहून घ्या. शक्य असेल तर राजस्थानातल्या किशनगढच्या दगडबाजारात आर्किटेक्टला घेऊन जा, ब्लॉकच पसंत करा, एकाच ब्लॉकच्या स्लॅबना क्रमाने नंबर घालून आणा. इटलीच्या दगडासाठी असं उठून जाता येत नाही, आणि पुढे पाच वर्षांनी दोन लाद्या फुटल्या तर परत तोच दगड मिळवणं तिथे फारच अवघड. टाइल्सचं सोपं आहे, गुजरातचं मोरबी, पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत म्हणजे खरी व्हिट्रिफाइड, आणि एकाच बॅचचा माल जास्तीचा घेऊन बेसमेंटमध्ये ठेवा.

सर्व्हिसेसमध्ये "देशी" शब्द जरा फसवा होतो. लिफ्टच्या मोठ्या परदेशी ब्रँडचे कारखाने इथेच आहेत, चाकणला, श्रीपेरंबुदूरला, बेंगळुरूला. चिलरही (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) इथे जुळतात. पण आत बघाल तर कंप्रेसर, ड्राइव्ह, कंट्रोलर बऱ्याचदा बाहेरचे. मी क्लायंटला सांगतो की इथे पासपोर्ट बघू नका, स्पेअर बघा. कंट्रोल कार्ड गेलं तर ते भारतातल्या गोडाऊनमध्ये आहे की जहाजाने यायचंय, हे लेखी घ्या. फायरच्या बाबतीत इन्शुरन्सवाला किंवा मोठा भाडेकरू यूएल लिस्टेड (अमेरिकन यूएल संस्थेने तपासलेलं) मागतो, तर तसे स्प्रिंकलर आपल्या जळगावात बनतात, हे बऱ्याच एमईपीवाल्यांना पण माहीत नसतं. फायर डोअर आयएस ३६१४ ला, रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी संशोधन संस्थेचा टेस्ट रिपोर्ट दाखवतात सगळे, पण रिपोर्ट पूर्ण वाचा. टेस्ट झालेला दरवाजा केवढा होता, त्याला काच होती का, कुलूप-बिजागरी कुठली होती. सिंगल लीफचा (एका पल्ल्याचा) रिपोर्ट दाखवून डबल लीफ दरवाजा बसवतात, कागदावर दोन तासांचा दरवाजा असतो आणि प्रत्यक्षात तो कधी टेस्टच झालेला नसतो. वायरला आयएस ६९४ तर असतेच, गर्दीच्या ऑफिसला हॅलोजन-फ्री आयएस १७०४८ घ्या, तीही देशीच आहे.

तुमचा क्लायंट खाजगी आहे, त्यामुळे देशी वापरायची कायद्याने सक्ती नाही. पण सरकारी किंवा पीएसयूचं (सरकारी कंपनीचं) काम करत असाल किंवा पुढे कराल तर २०१७ ची मेक इन इंडिया प्राधान्याची ऑर्डर लागू होते. त्यात ५० टक्के किंवा जास्त लोकल कंटेंट म्हणजे क्लास वन, २० ते ५० क्लास टू, आणि २० च्या खाली नॉन-लोकल. १० कोटींच्या वरच्या खरेदीला ऑडिटर किंवा सीएचं सर्टिफिकेट. मी खाजगी क्लायंटला पण हीच व्याख्या वापरायला सांगतो, कारण सप्लायरला ती माहीत असते, फॉरमॅट तयार असतो, तुम्हाला नवीन काही शोधावं लागत नाही. कराराच्या अटीत नुसतं "इंडियन मेक" लिहिलं तर त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. लिहायचं असं: बनवण्याचा कारखाना कुठे, लोकल कंटेंट किती, कागद कोणता, आणि खोटं निघालं तर माल कोणाच्या खर्चाने काढायचा.

आणि तो "ऑर इक्विव्हलंट" शब्द. मेक लिस्टमध्ये (चालणाऱ्या कंपन्यांच्या यादीत) तीन नावं आणि पुढे ऑर इक्विव्हलंट, म्हणजे किंवा तत्सम, हे सगळीकडे असतं. इक्विव्हलंट कोण ठरवणार, कशावर ठरवणार हे लिहिलेलं नसतं. मग कॉन्ट्रॅक्टर स्लॅब ओतायच्या आदल्या आठवड्यात स्वस्त मेक घेऊन येतो आणि म्हणतो आता वेळ नाही. अट घाला की पर्याय द्यायचा असेल तर ऑर्डर मिळाल्यापासून ठराविक दिवसांत, टेस्ट रिपोर्टसह, आणि तपासणीचा खर्च देणाऱ्याचा. त्यानंतर दार बंद. आपोआप शिस्त येते.

पैशाचं बोलू. देशी म्हणजे स्वस्तच असं नसतं, आणि डॉलरपासून सुटका असंही नसतं. अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याचे इथले भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर हलतात, स्टीलचा भाव इम्पोर्ट काय पडतं त्याकडे बघून ठरतो. एप्रिल २०२५ ला आयात होणाऱ्या काही फ्लॅट स्टीलवर १२ टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी लागली, तशा गोष्टींचा झटका देशी प्लेट घेणाऱ्यालाही बसू शकतो. म्हणून स्टील-अ‍ॅल्युमिनियमला प्राइस व्हेरिएशनची (भाव बदलला तर दर बदलायची) अट ठेवाच. फायदा कुठे होतो, तर एलसी (बँकेचं हमीपत्र), जहाज, विमा, बंदरावरचं डेमरेज (माल अडकला की लागणारं भाडं) हे सगळं वाचतं, माल टप्प्याटप्प्याने मागवता येतो, आणि तुटफूट झाली तर आठवड्यात बदलून मिळते. एक गोष्ट मात्र अकाउंट्सवाल्याला आधीच सांगून ठेवा: देशी घ्यायला लागलात की बरेच सप्लायर छोटे उद्योग असतात, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचं पेमेंट कायद्याने ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आपल्याकडची "बिल बघू पुढच्या महिन्यात" ही सवय इथे महागात पडते.

ग्रीन रेटिंग घेणार असाल तर देशी आणि स्थानिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आर्किटेक्टला आठवण करून द्या. लीड या ग्रीन रेटिंगच्या व्ही४ आवृत्तीत स्थानिक म्हणजे १६० किलोमीटरच्या आतलं. राजस्थानचा दगड मुंबईत देशी आहे पण त्या हिशोबात स्थानिक नाही, जवळच्या क्रशरची खडी आणि शेजारच्या एमआयडीसीतले एएसी ब्लॉक मात्र बसतील.

आता तुम्ही काय करा, बीओक्यूमध्ये एक कॉलम वाढवा, कारखाना कुठे आणि कागद कोणता, आणि भरायला सुरुवात फसाड, लिफ्ट आणि चिलरपासून करा, सळई-सिमेंटपासून नको. या तिघांचा लीड टाइम (ऑर्डरपासून माल यायचा वेळ) सगळ्यात जास्त आहे आणि आर्किटेक्टशी खरं भांडणही तिथेच होणार आहे, तर ते पाया खोदायच्या आधीच झालेलं बरं. फसाडचं एक पूर्ण पॅनेल, देशी काच, देशी सेक्शन, बाहेरचं सिलिकॉन, असं साईटवर उभं करा, त्यावर पाण्याचा मारा करून लीकेज बघा आणि मग आर्किटेक्टला सही करायला बोलवा.